कस्तुरीची आवक-जावक

रविवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास उदयसिंह घाटगे यांनी आपल्या कोंबडीच्या गळ्याखाली हात घातला. तिथून पुढच्या चार दिवसांत जे काही झालं, त्याला कोंबडी सोडून बाकी सगळे जबाबदार आहेत.

हात घालण्याचं कारण मोबाइल. कुणीतरी त्यांना एक व्हिडिओ पाठवला होता. त्यात चष्मा लावलेले एक गृहस्थ सांगत होते की कोंबडीच्या गळ्याखाली, छातीच्या उजव्या अंगाला, दाण्याची एक पिशवी असते. कोंबडी जे टिपते ते आधी त्या पिशवीत साठतं आणि मग हळूहळू पुढे पोटात उतरतं. ही पिशवी तुंबली तर कोंबडी दगावू शकते. उदयसिंहांनी इथवर ऐकलं आणि व्हिडिओ बंद केला. तो अजून तेवढाच शिल्लक होता. पण उदयसिंह एका सरकारी कचेरीच्या आवक-जावक विभागातून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले होते, आणि तेहतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुठल्याही कागदाचा पहिला परिच्छेद ओलांडला नव्हता. पहिल्या परिच्छेदातच चूक सापडते, मग दुसरा वाचून सरकारचा वेळ कशाला दवडायचा, असं त्यांचं तत्त्व होतं. या तत्त्वापायी निम्म्या जिल्ह्याचे अर्ज माघारी गेले होते.

तर हाताला लिंबाएवढी गाठ लागली. उदयसिंहांनी ती दोनदा दाबून पाहिली, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"आवक झालीय," ते गंभीरपणे म्हणाले, "जावक नाही."

ज्याने कोंबडी नुसती पाळलेली पाहिली आहे, त्यालाही ठाऊक असतं की दिवसभर चरून आलेल्या कोंबडीची पिशवी संध्याकाळी भरलेलीच असते. रात्रभरात ती रिकामी होते. सकाळी, दाणा टाकायच्या आधी, ती हाताला चपटी लागली म्हणजे कोंबडी ठणठणीत. तिसरीतल्या पोराला एकदा सांगितलं तर ते जन्मात विसरणार नाही. पण तिसरीतलं पोर शेवटपर्यंत ऐकून घेतं. जेवून उठलेल्या माणसाच्या पोटावर हात ठेवून "इथं काहीतरी फुगलंय" म्हणावं, तसं उदयसिंहांचं हे निदान होतं.

कोंबडीचं नाव कस्तुरी. कुरुंदवाडहून मेहुण्याने, म्हणजे यशराजने, ती रश्श्यासाठी धाडली होती. पण डालगं उघडलं तर आत कोंबडीबरोबर एक अंडं निघालं. अंड्यावरची कोंबडी कापायची नसते, असं उदयसिंहांनी शासन निर्णय वाचून दाखवावा तशा सुरात जाहीर केलं आणि कस्तुरी राहिली. खरं कारण वेगळं होतं. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून उदयसिंहांच्या हाकेला जगात कुणी ओ देत नव्हतं. चहा मागितला तर पत्नी संयोगिताबाई "गॅस तिथंच हाय" म्हणायच्या. कस्तुरी मात्र "ये ये" म्हटलं की पंख पसरून पळत यायची, पायाशी बसायची आणि त्यांचं सगळं ऐकून घ्यायची. एकदाही तिने दुसऱ्या परिच्छेदात काय आहे ते सांगितलं नाही.

संयोगिताबाईंचं म्हणणं थोडक्यात असं, की रोज सकाळी व्हरांडा धुवायला त्या कोंबडीच्या मोलकरीण नाहीत. येत्या रविवारी यशराज जेवायला येणार होता. तोवर कोंबडीशी काय गप्पा मारायच्या त्या मारून घ्याव्यात, रविवारी मसाला वाटलेला असेल, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. म्हणजे मुदत ठरलेली होती. आणि त्यातच आता ही गाठ. आजारी म्हटलं की कोंबडी रविवारच्या आधीच कापली जाईल, हे उदयसिंहांना कळत होतं. म्हणून काहीही करून तिला बरं करायचं त्यांनी मनावर घेतलं. एखाद्या निरोगी प्राण्याच्या बाबतीत याहून भयंकर काही घडू शकत नाही.

कळंब्याच्या अंगाला असलेल्या त्यांच्या कॉलनीत बातमी पसरायला मोटारसायकलीची फेरीही लागत नाही. पहिले आले आण्णा. आण्णा एकेकाळी तालमीत होते, आणि तालमीतून बाहेर पडलेल्या माणसाचा ठाम समज असतो की देवाने हाडामांसाचं जे जे घडवलंय ते सगळं तेलाने चोळून बरं होतं. पाय मुरगळला, चोळा. पोट धरलं, चोळा. त्यांनी शेजारच्या एकाची डोकेदुखी चोळून घालवली होती. तो माणूस आता हाक मारली की दोन्ही खांदे एकदम वळवतो.

"काय न्हाय ओ दादा," आण्णा बाह्या सारत म्हणाले, "एक हात दिला की मोकळी हुतीया."

आण्णांचा अंगठा कस्तुरीच्या मांडीएवढा होता. तिळाच्या तेलाची वाटी संपली. कस्तुरी तेलाने निथळत उभी राहिली आणि एकेकाकडे अशा नजरेने बघू लागली, जशी नजर उदयसिंहांनी पूर्वी फक्त त्यांच्या टेबलासमोर उभ्या असलेल्या लोकांच्या डोळ्यांत पाहिली होती. त्यांना ती ओळखीची वाटली, पण कुठली ते आठवलं नाही.

या सगळ्यात कुंपणापलीकडून सोनूबाई बघत होत्या. सोनूबाई प्राथमिक शाळेत छत्तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या. सगळी गल्ली त्यांना नुसतं बाई म्हणते. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"सकाळी उपाशीपोटी चाचपली होती का?"

उदयसिंहांनी त्यांना नम्रपणे कळवलं की हा तातडीचा विषय आहे आणि यात सकाळ-संध्याकाळ आणून गुंतागुंत करू नये. साताचा पाढा चौथ्यांदा चुकणाऱ्या मुलावर बाई कधी रागावल्या नव्हत्या. त्या फक्त तोच प्रश्न पुन्हा विचारायच्या.

सोमवारी सल्ल्यांची आवक सुरू झाली. उदयसिंहांनी जुनी वही काढून त्यांना क्रमांक दिले. एक, आंबट ताक. दोन, ओव्याचं पाणी. तीन, एरंडेलात बुडवलेला पाव. चार, गुळाचा खडा. पाच, लसणीच्या पाकळ्या, सोललेल्या. क्रमांक सहावर एका निवृत्त ड्रायव्हरने, इंजिनाची नळी तुंबली की पंपाने हवा मारतात, तसं करायला सांगितलं. ते उदयसिंहांनी पुढील कार्यवाहीसाठी राखून ठेवलं. एक ते पाच कस्तुरीच्या घशात गेले. दाणा मात्र बंद. आवक थांबवल्याशिवाय जावक सुरळीत होत नाही, हे कचेरीतलं तत्त्व त्यांनी कोंबडीला लावलं आणि तिला डालग्याखाली झाकून ठेवलं. सल्ला देणाऱ्यांपैकी एकानेही आयुष्यात कोंबडी पाळली नव्हती. खाल्ल्या मात्र सगळ्यांनी होत्या, आणि खाणं म्हणजे जाणणं अशी एक समजूत या जिल्ह्यात आहे.

सोमवारी सकाळी कस्तुरीची पिशवी चपटी, रिकामी, अगदी व्हावी तशी झाली होती. त्या वेळी तिथं हात लावला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण त्या वेळी साहेब दाढी करत होते.

"सकाळी चाचपली होती का?" बाईंनी कुंपणावरून विचारलं.

"उपचार चालू आहेत," उदयसिंह म्हणाले.

मंगळवारी वटपौर्णिमा होती. कॉलनीच्या मोकळ्या जागेत वडाचं एक पोरसवदा झाड आहे, आणि त्याला त्या दिवशी मान असतो. संयोगिताबाईंनी आदल्या दिवशी सूत आणायला सांगितलं होतं. उदयसिंह एरंडेल घेऊन आले आणि सूत विसरले. दुकानात सकाळी सूत उरलं नव्हतं. मग संयोगिताबाईंनी शिलाई मशीनवरचं जांभळं रीळ उचललं आणि तेच वडाला गुंडाळलं. पांढऱ्या सुतांच्या गर्दीत त्यांचे सात जांभळे फेरे लांबून ओळखू येत होते. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मशीनचा दोरा पक्का असतोय, एवढंच संयोगिताबाई म्हणाल्या. पण घरी आल्यावर त्यांनी ताट जरा जोरात ठेवलं.

इकडे उदयसिंह क्रमांक पाचचा डोस द्यायला डालगं उचलत होते. दीड दिवस उपाशी असलेल्या कोंबडीला तेवढी फट पुरते. कस्तुरी त्यांच्या दोन पायांमधून निघाली ती थेट वडाशी. तिथं ओटीचे गहू पडले होते, तांदूळ पडले होते, आंब्याच्या साली होत्या. भुकेलेला जीव निवडून खात नाही. तिने गहू टिपले, गव्हाखालचं गवत टिपलं, गवतात लोंबणारं जे काही होतं तेही ओढून गिळलं. उदयसिंह धोतर सावरत पोचेपर्यंत (सणाचा दिवस म्हणून ते धोतरात होते, आणि धोतरात पळणं हा प्रकार निवृत्त अधीक्षकाने लोकांदेखत करू नये) तिचा गळा एका बाजूला कलला होता. लिंबाची मोसंबी झाली होती.

बुधवारी सकाळी ते अंगणात आले आणि "ये ये" म्हणाले. कस्तुरी आली नाही.

ती भिंतीला टेकून, पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून उभी होती. त्यांनी पुन्हा हाक मारली. तिने मान हलवली, चोच उघडली आणि मिटली. तोंडाला शिळ्या ताकासारखा आंबूस वास येत होता. उदयसिंह खाली बसले. त्यांनी वही उघडली नाही.

बाई त्या दिवशी कुंपणावरून बोलल्या नाहीत. फाटक उघडून आत आल्या. कोंबडीचं दाणापाणी अजून झालं नव्हतं. त्यांनी कस्तुरीला बगलेत धरलं आणि बोटांच्या टोकांनी हलकेच चाचपलं.

"आता खरंच तुंबलंय," त्या म्हणाल्या. "रविवारी नव्हतं."

उदयसिंहांनी रविवारची गाठ म्हणजे काय होती ते विचारलं. बाईंनी सांगितलं. दोन वाक्यांत सांगितलं, तिसरीत सांगायच्या तसंच, आवाज न चढवता. आण्णाही तिथं होते. त्यांनी लगेच नवा उपाय काढला: पाय धरून उलटी लोंबकळवायची आणि गळा दाबायचा, सगळं तोंडातून येतंय. त्यांनी हात पुढे केलाही. बाई मध्ये उभ्या राहिल्या. उलटी धरली की ते आंबलेलं पाणी श्वासात जातं आणि कोंबडी तिथंच गुदमरून मरते, असं त्यांनी सांगितलं. आण्णांनी मग शेवटचा सल्ला दिला.

"दादा, जीव हाय तवर कापून घ्या. मेल्यावर मातीच की."

संयोगिताबाई दारात उभ्या होत्या. उदयसिंहांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मसाल्याचं नाव काढलं नाही. आत जाऊन बाजाराची पिशवी आणली, कस्तुरीला तिच्यात बसवलं आणि स्कूटरवर मागे बसल्या. गाडी चालवताना कोंबडी धरायला तिसरा हात लागतो, आणि तुम्हांला दोनही पुरत नाहीत, असं त्या म्हणाल्या. पिशवीतून फक्त कस्तुरीचं डोकं बाहेर होतं. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने, पावणं, रस्सा कुठं हाय आज, असं विचारलं. उदयसिंहांनी समोर बघितलं.

जनावरांच्या सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर फळा होता. उदयसिंहांनी वाचलं: कोंबड्यांची नोंद किमान पन्नास पक्षी असल्यासच होईल. ते थांबले, वळले आणि स्कूटरची किल्ली काढू लागले. आपल्याकडे एकोणपन्नास कमी पडतात, असं ते खिन्नपणे म्हणाले.

"खाली लिहिलंय ते वाचा की," संयोगिताबाई म्हणाल्या.

खाली लिहिलं होतं: ही अट फक्त लसीकरणासाठी. आजारी पक्षी थेट आत आणावा.

आत टेबलाशी गुंडू नावाचा कर्मचारी संगणकापुढे बसला होता. त्याने जनावराचा प्रकार विचारला. कोंबडी. मग कानाच्या बिल्ल्याचा क्रमांक विचारला. कोंबडीला बिल्ला लावायला कान कुठे असतो, असं उदयसिंहांनी चढ्या आवाजात विचारलं. गुंडूने शांतपणे सांगितलं की विचारतंय मशीन, तो न्हाय. मग मशीनने वेत कितवं, म्हणजे आजवर किती वेळा व्याली, ते विचारलं. अंडी घालते, उदयसिंह म्हणाले. गुंडूने शून्य लिहिलं. मशीनने ते घेतलं नाही, कारण शून्य वेताची म्हणजे कालवड, आणि कालवडीला बिल्ला पाहिजेच.

उदयसिंह कधी नव्हे ते हात जोडून म्हणाले, "अहो, रकाना सोडा. ती मरायला टेकलीय."

गुंडूने पहिल्यांदाच मान वर केली.

"ओळखलं न्हाय व्हय साहेब मला? माझा बदलीचा अर्ज तुमी तीनदा माघारी धाडलासा. सही उजवीकडं पायजे हुती म्हनून."

उदयसिंहांना आठवलं नाही. असे किती तरी होते.

"दुसऱ्या परिच्छेदात लिवलं हुतं, आई आजारी हाय म्हनून," गुंडू म्हणाला. मग तो उठला, त्याने पिशवी स्वतःच्या हातात घेतली. "मी न्हाय माघारी धाडत. या आत."

एवढा अपमान उदयसिंहांचा तेहतीस वर्षांत झाला नव्हता. ते गुंडूच्या मागोमाग आत गेले.

आत डॉक्टर होते नागसेन. तिशीतला माणूस, बोलणं कमी. त्यांनी कस्तुरीला टेबलावर घेतलं, गळ्याखाली बोटं ठेवली आणि विचारलं:

"सकाळी उपाशीपोटी चाचपली होती का?"

उदयसिंह दचकले. हा प्रश्न आमच्या शेजारच्या बाई चार दिवस विचारतायत, असं संयोगिताबाईंनी सांगितलं. कुठल्या बाई? सोनूबाई. डॉक्टर हसले. बाईंनी शाळेच्या मागे कोंबड्या पाळल्या होत्या, आणि प्रार्थनेच्या आधी एकेका पोराला एकेक कोंबडी चाचपायला लावायच्या. डॉक्टर स्वतः त्यांतलंच एक पोर. कुठलं पोर पुढे काय होईल ते बाईंना ठाऊक नव्हतं, त्या सगळ्यांनाच सांगायच्या. मग डॉक्टरांनी आतापर्यंत काय काय दिलं ते विचारलं. उदयसिंहांनी वही पुढे केली. डॉक्टरांनी एक ते पाच वाचलं. ते सहापाशी थांबले, उदयसिंहांकडे पाहिलं आणि हवा भरली का, असं विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांनी वही मिटली.

साधं तुंबलं असतं तर दाणा बंद ठेवून, चार थेंब तेल, पाणी आणि हलक्या हाताने चोळून मोकळं होतं, असं ते म्हणाले. हलक्या हाताने, हे त्यांनी दोनदा सांगितलं. पण चोच उघडल्यावर त्यांना जिभेच्या मुळाशी दोऱ्याचं टोक दिसलं. उदयसिंहांनी लगेच ते ओढायला हात घातला. गुंडूने तो वरच्या वर धरला. ओढला तर आतून कापत येतो, डॉक्टर म्हणाले. पिशवीला छोटा छेद द्यावा लागेल. जगेल, बहुतेक. सही करा.

उदयसिंहांनी कागद घेतला. आणि गुंडूने पुढे बरेच दिवस लोकांना सांगितलं त्याप्रमाणे, साहेबांनी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, ओठ हलवत, आणि मगच सही केली. उजवीकडे.

भूल दिली, चार पिसं काढली, बोटाच्या पेराएवढा छेद घेतला. मग एखादी जुनी फाइल सोडावी तशा डॉक्टरांनी आतल्या वस्तू एकेक काढून ट्रेमध्ये मांडल्या. भिजून फुगलेला पाव. लसणीच्या पाकळ्या, आख्ख्या, जशा गेल्या तशा. आंबलेल्या गव्हाचा गोळा. गवत. सगळ्या गल्लीचा सल्ला तिथं होता. आणि त्या सगळ्याला वेढे घालून बसलेला एक दोरा. डॉक्टरांनी वरचं टोक जिभेपासून सोडवलं आणि दोरा चिमट्याने धरला. दुसरं टोक गुंडूने घेतलं आणि तो मागे मागे सरकत गेला. पार दारापर्यंत गेला. दोरा जांभळा होता.

संयोगिताबाई पुढे झाल्या. त्यांनी दोरा हातात घेतला, कोपरापासून बोटापर्यंत असा मापला. सहा हात भरला.

"आमच्या वडाचा घेर चार हात," त्या म्हणाल्या.

उदयसिंह बोटांवर मोजू लागले. त्यांना हिशोब यायला थोडा वेळ लागला.

"म्हंजे दीड फेरा हिनं खाल्ला," संयोगिताबाई सावकाश म्हणाल्या. "सातातला दीड गेला. साडेपाच जन्मच उरले तुमचे."

असं म्हणून त्यांनी टेबलावर टाके घालून पडलेल्या कोंबडीकडे पाहिलं. आजवर त्यांनी तिच्याकडे मांडी किती, छाती किती, अशाच नजरेने पाहिलं होतं. आता बराच वेळ त्या तिच्याकडे नुसत्या बघत राहिल्या, आणि परत जाताना पिशवी त्यांनी मांडीवर घेतली, दोन्ही हातांनी धरून.

उदयसिंहांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून लेखी घेतलं होतं की या पक्ष्याला औषध चालू असल्याने तो इतके दिवस खाण्यास योग्य नाही. त्यावर त्यांनी शिक्का मारून घेतला. चार दिवस ते पाणी आणि पातळ लापशी स्वतःच्या हाताने पाजत होते, पण रविवारची धास्ती गेली नव्हती. रविवारी सकाळी त्यांनी तो कागद फ्रिजवर चिकटवला, दोन ठिकाणी.

यशराज बाराला आला. चपला काढता काढताच त्याने रश्श्याचा वास कसा येईना ते विचारलं. उदयसिंह घसा खाकरून उठले आणि फ्रिजकडे निघाले. पण संयोगिताबाई ताटं घेऊन बाहेर आल्या. ताटांत अंड्याची आमटी होती.

"कोंबडी कुठं गेली ताई?" यशराजने विचारलं.

"व्हरांड्यात हाय. तिला हात लावायचा न्हाय कुणी," संयोगिताबाई वाढत म्हणाल्या. "पुढल्या वटपौर्णिमेला लागणार हाय मला ती. अजून साडेपाच हायत."

व्हरांड्यातून कस्तुरी हलकेच कुरकुरली. उदयसिंह तिथल्या तिथं, फ्रिज आणि ताट यांच्यामध्ये, थोडा वेळ उभे राहिले. मग त्यांनी कागद काढला, नीट घडी घातली, आणि पाटावर बसून जेवायला लागले.